अक्षरे कुणाच्या मालकीची?

पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ही हकीकत शाळेत गेलेल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेली असते. ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याला तोवर सुमारे तीनशे वर्षे लोटली होती. हातोहात नकला होता होता तीत नाना पाठ शिरले होते. कुणी अवघड शब्द काढून सोपा घातला होता, कुणी भक्तीच्या भरात पदरची ओवी घातली होती. नाथांनी पाठ ताडून पाहिले आणि ग्रंथ शुद्ध केला. परंतु काम संपल्यावर त्यांनी जे बजावून ठेवले, त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. यापुढे या ग्रंथात कुणी स्वतःची ओवी घालील, तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल, असे ते म्हणतात. म्हणजे पोथी नकलून घ्या, वाचा, चार लोकांना सांगा, त्याला आडकाठी नाही; फक्त तीत भर घालू नका. मला तर यात एक परवानाच दिसतो. ग्रंथ कुणाचाही, पण ग्रंथाचा पाठ मात्र ज्ञानदेवांचा.

नकला करणारा लेखनिकही काही कमी धोरणी नसे. पोथीच्या अखेरीस एक ठरीव संस्कृत श्लोक लिहून तो मोकळा होई. त्याचा भावार्थ असा की, जशी पोथी समोर होती तशी उतरवली. ती शुद्ध असो वा अशुद्ध, दोष माझ्या माथी मारू नये. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून पोथीला जपावे आणि ती मूर्खाच्या हाती देऊ नये, अशी विनवणीही पुष्कळदा तिच्यासोबत असे. आज संगणकाचे जे सॉफ्टवेअर जगभर मोफत वाटले जाते, त्याच्या परवान्यात शेवटी ठळक अक्षरांत अगदी हाच मजकूर असतो. वस्तू जशी आहे तशी दिली आहे. चालेल अशी हमी नाही. नुकसान झाल्यास कर्ता जबाबदार नाही. आमच्या लेखनिकाने तो अवघ्या दोन ओळींत बसवला होता, वकिलांना त्याला दोन परिच्छेद लागतात, इतकाच फरक.

वाचकहो, चकलीचा तुकडा तोंडात असताना परवाने आणि कलमे यांची चर्चा कुणाला रुचेल, अशी शंका मलाही आली होती. माझी स्वतःची विद्या मॅट्रिकच्या पलीकडे गेलेली नाही आणि कायद्याशी माझा संबंध घराच्या सातबाऱ्यापुरता. परंतु आपण जो मजकूर वाचतो, जे निरोप मोबाईलवरून धाडतो, मुलांच्या ज्या प्रश्नपत्रिका छापतो, त्यांतील प्रत्येक अक्षर आज संगणकातून येते. आणि ते अक्षर कुणीतरी, कुठल्यातरी अटीवर, आपल्याला वापरू दिलेले असते. ती अट कोणती, हे आपण कधी विचारले आहे काय?

छापखाने आले आणि पोथ्यांचा मोकळा व्यवहार पालटला. कंपनी सरकारने १८४७ साली ग्रंथांच्या हक्कांचा कायदा केला. पुढे १८६७ चा पंचविसावा आक्ट आला. त्या काळचे एखादे मराठी पुस्तक घरच्या माळ्यावर असेल तर उघडून पाहा. मुखपृष्ठाच्या मागे, अमुक आक्टाप्रमाणे पुस्तक रजिस्टर करून सर्व हक्क कर्त्याने आपल्या स्वाधीन ठेवले आहेत, असे छापलेले सापडेल. काही ग्रंथकार तर प्रत्येक प्रतीवर स्वहस्ते सही करीत आणि जिच्यावर सही नाही ती प्रत चोरीची समजावी, असे बजावीत. हजार प्रती निघाल्या तर हजार सह्या! ज्ञान वाटावे, पण वाटताना आपले नाव आणि आपली भाकर दोन्ही शाबूत राहावी, ही तारांबळ त्या सह्यांमध्ये आहे.

अक्षरांचा प्रश्न मात्र तेव्हा सोपा होता, कारण अक्षरे शिशाची होती. जावजी दादाजी हे लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर होते. पुढे १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्या कारखान्याच्या देवनागरी वळणाने मराठीच्या किती पिढ्यांना वाचायला शिकवले असेल, याची गणती नाही. जिल्ह्याच्या गावचा एखादा छापखानेवाला असे खिळे वजनावर विकत घेई, जुळारी ते खणांत लावून ठेवी, आणि मग त्या खिळ्यांनी लग्नपत्रिका छापा, नाटकाच्या जाहिराती छापा की सरकारविरुद्ध अग्रलेख छापा, खिळे ओतणारा विचारायला येत नसे. झिजले की वितळवायचे. विकत घेतलेल्या तव्यावर भाकरी भाजावी की धिरडे घालावे, हे तवा विकणारा सांगत नाही, तसेच हे.

संगणक आल्यावर शिसे गेले आणि खिळ्याची फाईल झाली. तिला फॉन्ट म्हणतात हे आता पोरांनाही ठाऊक आहे. ही फाईल म्हणजे अक्षराचे चित्र तर खरेच, पण शिवाय काना कुठे लागावा, रफार कुठे चढावा, जोडाक्षर कसे बांधावे, याच्या आज्ञाही तीत भरलेल्या असतात. म्हणजे फॉन्ट हे एक लहानसे सॉफ्टवेअरच आहे. आणि सॉफ्टवेअर विकत घेतले तरी ते तव्यासारखे आपले होत नाही. आपल्याला मिळते ती वापरण्याची परवानगी. तीही बहुधा एका यंत्रापुरती, आणि सोबत डोंगल नावाचे एक इवलेसे कुलूप. ते यंत्राला लावले तरच अक्षरे उमटणार.

नव्वदीच्या काळात महाराष्ट्रात मराठी अक्षरजुळणीची सॉफ्टवेअरे पुष्कळ झाली. ती करणाऱ्यांची कर्तबगारी मी मुळीच कमी लेखीत नाही. त्यांच्याविना मराठी छपाई संगणकावर आलीच नसती. पण त्या अक्षरांना दोन कुलपे होती. पहिले परवान्याचे. दुसरे असे की, कोणत्या अक्षराला आतून कोणता क्रमांक द्यायचा, हे प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवले होते. एकाच्या ‘क’च्या घरात दुसऱ्याचा ‘ढ’ राहात होता. सबब एका सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेला लेख दुसऱ्यात उघडला, की पडद्यावर नुसते किडेमुंगे. माझी पहिली कादंबरी २००६ साली अशाच एका छापखान्यात जुळवली गेली. दहा वर्षांनी दुसऱ्या आवृत्तीचा योग आला तेव्हा सीडी धडधाकट होती, फाईल उघडत होती, पण तो फॉन्ट ज्या यंत्रावर होता ते केव्हाच भंगारात गेले होते. दोनशे चाळीस पाने पुन्हा पहिल्यापासून जुळवावी लागली आणि मुद्रिते पुन्हा तपासावी लागली. शाईने लिहिलेली चारशे वर्षांपूर्वीची पोथी आजही वाचता येते आणि दहा वर्षांपूर्वीची कादंबरी वाचता येत नाही, हा काय न्याय म्हणावा? ज्या संस्थांच्या स्मरणिका, गावांचे इतिहास, पतपेढ्यांचे अहवाल असे अडकून पडले, त्यांच्याकडे तर पुन्हा जुळवायला पैसाही नव्हता.

यांतले दुसरे कुलूप युनिकोडने काढले. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला कायमचा एकच क्रमांक, ही ती योजना. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, तेव्हाच देवनागरीला तीत घरे मिळाली; आणि त्या मांडणीचा पाया आपल्याच देशात ठरलेल्या इस्की नावाच्या संकेतावर घातलेला होता. र. कृ. जोशी या आपल्या मराठी सुलेखनकाराने रेखलेला ‘मंगल’ फॉन्ट मायक्रोसॉफ्टच्या विंडोजबरोबर घरोघरी पोहोचला. पण पहिले कुलूप, म्हणजे परवान्याचे, तसेच होते. ते कसे निघाले हे सांगायचे तर घटकाभर सातासमुद्रापार जावे लागेल.

अमेरिकेत एम्. आय्. टी. या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक विक्षिप्त प्रोग्रॅमर होता. १९८० च्या आसपास तिथे झेरॉक्स कंपनीचा एक नवा प्रिंटर आला आणि त्यात कागद वारंवार अडकू लागला. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमनने थोडी दुरुस्ती केली होती. कागद अडकला की संबंधितांना संगणकावर तशी सूचना जाई. तीच सोय नव्यात करावी म्हणून त्याने प्रोग्रॅमचा मूळ पाठ मागितला, तर तो मिळेना. ज्याच्याजवळ होता त्याने ‘कुणाला देणार नाही’ असे कंपनीला वचन दिलेले. एका अडकलेल्या कागदापायी या गृहस्थाने पुढचे सारे आयुष्य पणाला लावले. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने जाहीर केले की, मी एक संपूर्ण संगणकप्रणाली नव्याने लिहीन आणि ती सर्वांना वापरायला, पाहायला, बदलायला, वाटायला मोकळी असेल. (त्याच १९८३ साली आमच्या शेगावात श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. परंतु त्या कॉलेजातील मुलांचा पुढे या लेखाशी संबंध येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.)

मोकळे करायचे म्हणजे काय करायचे? हक्क सोडून द्यायचे, एवढे सोपे ते नव्हते. हक्क सोडले की दुसरा कुणी ती वस्तू उचलील, तीत चार फेरफार करील, आणि वर आपले कुलूप लावून विकील. म्हणून स्टॉलमनने हक्क सोडले नाहीत, उलट घट्ट धरले आणि त्यांच्याच जोरावर अट घातली. १९८९ साली निघालेल्या त्याच्या ‘जनरल पब्लिक लायसन्स’चे, म्हणजे जी. पी. एल्.चे, मर्म ज्यांच्या घरी दही लागते त्यांना समजावून सांगायला नको. शेजारणीने तुम्हांला वाटीभर विरजण दिले. त्याचे दही लावा, घरी खा, ताक करा, बाजारात नेऊन विका देखील. पण तुमच्याकडून जो कुणी दही नेईल त्याने विरजण मागितले तर ते नाकारायचे नाही, आणि त्यानेही ते पुढे नाकारायचे नाही, ही अट. पैसे घेण्याला मनाई नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. मनाई आहे ती कृती लपवण्याला. आणि घरातल्या घरात दही खाणाऱ्याला काहीच अट नाही. वस्तू दुसऱ्याच्या हाती दिली की अट लागू.

दुसऱ्या तऱ्हेचे परवाने पाणपोईसारखे आहेत. त्यांना एम्. आय्. टी. परवाना, बी. एस्. डी. परवाना अशी नावे आहेत. शेगावच्या मे महिन्यात पाणपोईचे मोल काय, ते उन्हातून आलेल्यालाच कळते. या, प्या, घागर भरून न्या, त्या पाण्याचे सरबत करून विका, आणि सरबताची कृती कुणाला सांगूही नका. फक्त पाणपोईवर बांधणाऱ्याच्या नावाचा जो दगड बसवला आहे तो उखडू नका. अट एवढीच, पण अट आहे. आणि गंमत अशी की, सर्वांत जास्त मोडली जाते ती हीच. विरजणाची अट लोक भीतीने तरी पाळतात. दगड मात्र सहज उचलून नेतात.

आता पुन्हा मराठी अक्षरांकडे येऊ. संगणकाच्या मोकळ्या प्रणालीत, म्हणजे लिनक्समध्ये, भारतीय लिप्यांचे चांगले फॉन्ट हवे होते. रेड हॅट ही लिनक्सची मोठी कंपनी. तिने २००४ च्या सुमारास ‘लोहित’ नावाचे फॉन्ट जी. पी. एल्. खाली खुले केले. लोहित म्हणजे तांबडा. टोपी तांबडी, म्हणून अक्षरेही तांबडी! हे फॉन्ट मुळात पुरवले ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने. ‘श्रीलिपी’ करणारी तीच ही कंपनी. म्हणजे ज्या पुण्यात मराठी अक्षरे विकण्याचा धंदा भरभराटला, त्याच पुण्यातून मोकळी अक्षरेही निघाली. मराठी माणसाने परवान्याचा इतिहास लिहायचा तर त्याने ही जागा अधोरेखित केली पाहिजे.

पण विरजणाचा न्याय अक्षरांना जसाच्या तसा लावू गेल्यास एक चमत्कारिक अडचण उभी राहते. पुस्तकाची पी. डी. एफ. फाईल करताना फॉन्टचा तुकडा त्या फायलीच्या पोटात शिरतो. मग विरजण ज्यात पडले ते सारे दही, या न्यायाने सबंध पुस्तकच त्या परवान्याखाली आले की काय? कादंबरीकाराने आपली कादंबरी मोकळ्या अक्षरांत छापली, म्हणून कादंबरीवरचा हक्कही त्याने सोडला असे व्हायचे! जी. पी. एल्.वाल्यांनी यावर उपाय म्हणून फॉन्टपुरते अपवादाचे एक कलम सुचवले. पण खास अक्षरांसाठीच वेगळा परवाना हवा होता. तो जगातील लहानसहान भाषांसाठी काम करणाऱ्या एस्. आय्. एल्. या संस्थेने केला. ‘ओपन फॉन्ट लायसन्स’ हे त्याचे नाव, त्याची १.१ ही आवृत्ती फेब्रुवारी २००७ ची. आणि सप्टेंबर २०११ मध्ये लोहित फॉन्टांचा जुना परवाना बदलून त्यांना हा परवाना लावण्यात आला.

हा परवाना मी चष्मा लावून आणि शब्दकोश जवळ घेऊन सबंध वाचला. वकिली दस्तऐवजात सहसा न आढळणारा शहाणपणा त्यात आहे. फॉन्ट वापरा, तपासा, बदला, वाटा. एखाद्या सॉफ्टवेअरसोबत विकाही, मात्र नुसता फॉन्ट तेवढा सुटा विकू नका. वाटताना कर्त्याच्या हक्काची ओळ आणि परवान्याची प्रत सोबत ठेवा. बदललेला फॉन्टही याच परवान्याखाली द्या. त्या फॉन्टमध्ये जे लिहाल, छापाल, ते मात्र सर्वस्वी तुमचे. आणि एक कलम असे की ते वाचताना मला एकदम नाथांची नरोटी आठवली. कर्त्याने फॉन्टचे नाव राखून ठेवले असेल, तर तुम्ही बदललेल्या फॉन्टला ते नाव देता येणार नाही. नाथांनी बदलच नको म्हटले. हे म्हणतात बदल खुशाल करा, पण मग नाव तुमचे लावा. मूळ पाठ कोणता आणि भर कोणती, याचा घोटाळा होऊ नये, ही काळजी दोन्हीकडे सारखीच. शेगावच्या स्टेशनवर उतरणाऱ्याला तर हे कलम समजावून सांगण्याची गरजच नाही. इथली कचोरी खाऊन लोक आपापल्या गावी जातात, तिथे कुठल्याही पिठाचा नि मसाल्याचा गोळा तळून त्यावर ‘शेगाव कचोरी’ अशी पाटी लावतात, आणि खाणारा नाव शेगावला ठेवतो.

या परवान्याखाली पुढे मराठीला जे धन मिळाले ते थोडेथोडके नव्हे. मुंबईच्या ‘एक टाईप’ या मंडळींनी ‘मुक्त’, ‘बालू’, ‘मोदक’ असे एकाहून एक फॉन्ट केले. मोदक तर असा गुबगुबीत आहे की त्याला गणपतीच्या आमंत्रणावाचून दुसरे काही सुचूच नये. अहमदाबादच्या इंडियन टाईप फाउंड्रीचा ‘पॉपिन्स’ आज साऱ्या जगातील दुकानांच्या पाट्यांवर आणि पडद्यांवर दिसतो, आणि त्यातील देवनागरी निनाद काळे यांची आहे. मुंबईच्या आय्. आय्. टी.ने ‘शोभिका’ हा संस्कृत ग्रंथांना पुरे पडेल असा फॉन्ट केला. हे सारे ओपन फॉन्ट लायसन्सखाली. शिशाच्या खिळ्याला पैसे मोजावे लागत. हे फॉन्ट कुणीही उतरवून घ्यावे. माझ्या दुसऱ्या आवृत्तीची जुळणी अशाच एका फॉन्टमध्ये झाली आहे, म्हणून तिसरी निघालीच तर निदान जुळारणीचा खर्च पुन्हा पडणार नाही.

दोन वर्षांमागे माझा एक माजी विद्यार्थी घरी आला. आमच्या इथल्या अभियांत्रिकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. पहिली-दुसरीच्या मुलांना जोडाक्षरे शिकवणारा एक खेळ त्याने मोबाईलसाठी केला होता. अक्षरे वरून पडतात, मुलाने ती जोडायची, बरोबर जुळले की टाळ्या वाजतात. खेळ फक्कड होता. माझ्याकडे तो शुद्धलेखन तपासून घ्यायला आला होता.

“खेळ सगळ्यांना फुकट देणार आहे, सर,” तो म्हणाला. “मग परवान्याची कटकट कशाला? काहीच लिहिलं नाही तरी चालेल ना?”

चालत नाही, हे मला या अभ्यासामुळे ठाऊक होते. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे आणि जानेवारी १९५८ पासून तो अमलात आला. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचे प्रोग्रॅमही त्याच्या कक्षेत आले. या कायद्याखाली हक्क मिळवायला रजिस्टर करावे लागत नाही. लिहिले की हक्क जन्माला आला. तेव्हा ज्या वस्तूवर काहीच लिहिलेले नाही ती मोकळी नव्हे, ती बंदच. मौन म्हणजे संमती हा न्याय इथे लागू नाही. त्याचा खेळ आवडून कुणा गुरुजींना त्यात फेरफार करावासा वाटला, तर त्याच्या मौनामुळे कायद्याने त्यांचा हात अडला असता.

मग आम्ही दोघे त्या खेळाचे एकेक अंग काढून पाहात बसलो. फॉन्ट ‘मुक्त’. त्याच्यासोबत आलेली परवान्याची फाईल याने अडगळ म्हणून पुसून टाकली होती. ती परत आणली. अक्षरे पडण्याचे तंत्र दुसऱ्याच्या एम्. आय्. टी. परवान्याच्या प्रोग्रॅममधून घेतलेले. त्याच्या नावाचा दगडही याने उखडला होता, तो पुन्हा बसवला. टाळ्यांचा आवाज जी. पी. एल्.च्या एका खेळातला. हत्तीचे चित्र इंटरनेटवरून उचललेले, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत ‘व्यापारी उपयोगास मनाई’ असे लिहिलेले. खेळ फुकटच द्यायचा होता, पण उद्या कुणी तो पाटीवर भरून विकला तर? ज्या मोकळेपणात ‘विकू नका’ अशी अट आहे, तो या पंथाच्या व्याख्येप्रमाणे पुरता मोकळेपणाच नव्हे. हत्ती गेला. त्याच्या धाकट्या बहिणीने नवा काढून दिला, आणि खरे सांगायचे तर तो आधीच्यापेक्षा अधिक हत्तीसारखा आहे.

राहता राहिला प्रश्न त्याच्या स्वतःच्या प्रोग्रॅमचा. पाणपोई घालायची की विरजण द्यायचे? मी त्याला एवढेच विचारले, “समजा, एखाद्या कंपनीने तुझा खेळ उचलला, रंगरंगोटी केली, वर कुलूप घातलं आणि झेडपीच्या शाळांना विकला. तुझं नाव कोपऱ्यात ठेवलं. चालेल तुला?” तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “नाव असलं तरी नाही चालणार, सर. शाळांना तो उघडून बदलता आला पाहिजे.” म्हणजे विरजण. त्याने जी. पी. एल्. घेतला, टाळ्यांचा प्रश्नही त्याबरोबरच सुटला, कारण जी. पी. एल्.चा माल पोटात घेतल्यावर वाटायचा तर तो त्याच परवान्याखाली वाटणे ओघानेच आले. दुसऱ्या एखाद्याने पाणपोई निवडली असती तर त्यालाही मी नावे ठेवली नसती. आपला कोड शक्य तितक्या हातांनी वापरावा, मग कुलुपात का होईना, असे ज्याला वाटते त्याला तीच योग्य.

हे सारे खरे, पण ही कलमे मोडली तर कोण विचारतो, असे तो जाता जाता म्हणाला. विचारतात. घरोघरी वाय-फायची जी डबी असते, तशी लिंकसिस कंपनीची एक निळी-काळी डबी २००३ साली गाजली. आत लिनक्स होते, म्हणजे विरजण. पण मूळ पाठ कंपनीने दिला नव्हता. लोकांनी डबी उघडून हे ताडले आणि गिल्ला केला, तेव्हा कंपनीला पाठ खुला करावा लागला. त्यातूनच लोकांनी पुढे ‘ओपनडब्ल्यूआरटी’ नावाची प्रणाली उभी केली. ती आज कितीतरी कंपन्यांच्या डब्यांवर चालते.

दुसरा खटला खेळण्यातल्या आगगाडीवरून झाला, आणि दिवाळीत तो सांगितलाच पाहिजे. कॅलिफोर्नियातील रॉबर्ट जेकबसन हा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. छोट्या रुळांवरच्या आगगाड्या संगणकावरून चालवण्याचे सॉफ्टवेअर त्याने आणि त्याच्यासारख्या शौकिनांनी मिळून केले आणि मोकळे सोडले. मॅथ्यू केट्झर नावाच्या धंदेवाल्याने आधी त्यालाच पेटंटच्या नावाखाली दोन लाख डॉलरांवर बिल धाडले. पुढे उघडकीस आले की, केट्झरच्याच मालात जेकबसनच्या मंडळींच्या फायली आहेत, आणि त्यांवरची नावे काढून टाकलेली आहेत. खालच्या न्यायालयाने म्हटले, फार तर हा कराराचा भंग. वस्तू फुकटच दिलेली होती, मग नुकसान कसले? ऑगस्ट २००८ मध्ये वरच्या न्यायालयाने हे फिरवले. पैसे घेतले नाहीत म्हणून अटीला किंमत नाही असे होत नाही. नाव राखणे ही परवानगीची अट आहे, आणि अट मोडली की कॉपीराइटचाच भंग होतो, असा त्याचा निर्णय. दीडदोन वर्षांनी तडजोड होऊन केट्झरला पैसे मोजावे लागले. खेळण्यातल्या गाडीने केवढे वजन ओढले पाहा!

आपल्या बाजूलाही संस्था यात हळूहळू उतरत आहेत. गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा ‘कोंकणी विश्वकोश’ २०१३ साली क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळा केला. नाव सांगा आणि पुढेही असेच मोकळे ठेवा, या दोन अटींवर त्यातील मजकूर कुणीही घ्यावा, सुधारावा, वाढवावा. २०१५ साली भारत सरकारने आपल्या कार्यालयांत मोकळ्या सॉफ्टवेअरला अग्रक्रम देण्याचे धोरण जाहीर केले. धोरण आणि कार्यालय यांत किती अंतर असते, ते शाळामास्तराला कुणी शिकवायला नको. पण कागदावर तरी ते आले.

त्या मुलाचा खेळ मागल्या वर्षी जळगाव जामोद तालुक्यातील एका आदिवासी पाड्यावरच्या शाळेत पोहोचला. तिथल्या बाईंच्या वर्गात कोरकू बोलणारी मुले आहेत. ‘स्वर’ आणि ‘पर्व’ असले शब्द पडद्यावर पडले की ती नुसती पाहात राहात. बाईंच्या भावाला संगणकाचे थोडेबहुत येत होते. त्याने खेळाचा मूळ पाठ उतरवून घेतला आणि दोघांनी मिळून त्यात कोरकू शब्द आणि त्यांची चित्रे घातली. विचारायला कुणी शेगावला आले नाही. यायचे कारणही नव्हते, परवाना सोबतच होता. नवी प्रत त्यांनी परवान्याप्रमाणे उघडी ठेवली म्हणूनच ती आम्हांला पाहायला मिळाली. खेळाला त्यांनी दुसरे नाव दिले आहे. शेवटच्या पडद्यावर बाईंचे आणि त्यांच्या भावाचे नाव आहे, त्याच्याखाली आमच्या पोराचे, त्याच्याखाली हत्ती काढणाऱ्या बहिणीचे, आणि सर्वांत खाली बारीक टाईपात ‘मुक्त’ फॉन्ट करणाऱ्यांची ती एक ओळ.